उजेडानंतरचा भाकरतुकडा

सगुणाबाईंनी उभ्या हयातीत दोनशेच्या वर पिक्चर पाहिले, आणि परवापर्यंत एकाचाही शेवट पाहिला नव्हता. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण यात बाईंचा दोष नाही, नोकरीच तसली होती. टूरिंग टॉकीजच्या तंबूत त्या बायकांच्या बाजूच्या गेटकीपर. पिक्चर संपायला दहा मिनिटं उरली की बाहेर यायचं, कनातीचे दोर सोडायचे आणि पेट्रोमॅक्स लावून उभं राहायचं, म्हणजे लेकुरवाळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडू नयेत. आत नायक मरो की बोहल्यावर चढो, सगुणाबाई बाहेर दोर धरून.

शेवट मात्र त्यांना ठाऊक असायचे, कारण त्यांचे यजमान किशनराव त्याच टॉकीजचे ऑपरेटर. मशीन झाकून दोघं जेवायला बसले की किशनराव शेवट सांगायचे. एरवी हा माणूस मिठाची गुळणी धरून बसलेला. बायकोपुढे तर बोलायची सोयच नव्हती. सगुणाबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पण शेवट सांगताना त्यांना वाचा फुटायची.

त्यातला एक शेवट बाईंनी जन्मभर जपला. इंग्रजी पिक्चर होता, हिंदीत बोलणारा. लोकांनी त्याला नाव पाडलं होतं ‘उजेडाचा पिक्चर’. वाळवंटात एक म्हातारा पहारेकरी. त्याची लेक त्याच्याशी भांडून आकाशयानात बसून ताऱ्यांकडे गेलेली. तीस वर्षं तो रोज वर बघत बसतो, आणि एक दिवस यान परत येतं. नवरात्रात माहूरला तो पिक्चर नऊ दिवस चालला. बायका तंबूतून बाहेर पडायच्या त्या डोळे विस्फारून, एकमेकींशी न बोलता, आभाळाकडे बघत. कुणाला विचारावं तर म्हणायची, “काय कळलं न्हाई बाई. दार उघडलं, उजेड पडला आन् संपलं.”

“लोकं आधीच उठून जातात,” किशनराव म्हणाले. “पुढचं मशीनपाशी उभं राहणाऱ्यालाच दिसतं.”

“मग सांगा की पुढचं.”

“लेक खाली उतरती. म्हातारा म्हणतो, थांब. आत जातो, भाकरीचा तुकडा आन् पाण्याचा तांब्या घेऊन येतो. लेकीवरून ओवाळतो, तुकडा लांब फेकून देतो, पाणी तिच्या डोळ्याला लावतो. म्हणतो, ये आत. कुठं होतीस, का गेलीस, काही म्हणजे काही इचारीत न्हाई.”

हुशार वाचकाच्या मनात एव्हाना पाल चुकचुकली असेल. सगुणाबाईंच्या मनात चुकचुकली नाही, कारण त्यांचं मन दुसरीकडेच अडकलं होतं. दोन वर्षांमागं त्यांची एकुलती एक अंबिका आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न करून लातूरला निघून गेली होती. “मला मेली ती,” सगुणाबाई म्हणाल्या होत्या, आणि घरात तिचं नाव घ्यायची बंदी झाली. किशनरावांनी ती बंदी निमूट पाळली. तर माहूरला नऊ दिवस रोज जेवताना बाई म्हणायच्या, “तेवढा शेवट पुन्हा सांगा.” आणि रोज तो म्हातारा तुकडा ओवाळायचा.

त्याच दिवाळीला अहमदपूरला, सगुणाबाईंच्या घराच्या दारात अंबिका येऊन उभी राहिली. सगुणाबाई उठल्या आणि आत गेल्या. शेजारणींना वाटलं, आता दार लागतंय. त्या बाहेर आल्या त्या भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन. परमुलखातला गोरा म्हातारा लेकीला काही न विचारता ओवाळतो, आणि मी तर तिची आई, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पुढं कुणी त्यांच्या या निर्णयाचं कौतुक केलं की त्या सरळ सांगायच्या, “माझं काही न्हाई त्यात. मी पिक्चरमधून शिकले.”

याला तीस वर्षं होत आली. किशनराव गेले त्याला पाच वर्षं झाली. त्यांच्यामागं अंबिका आईजवळ राहायला आली. तिची मुलगी तनुजा नांदेडला शिकते. तिनंच परवा बातमी आणली.

“आज्जी, तुझा उजेडाचा पिक्चर पुन्हा लागलाय नांदेडला. शेवट नवा जोडलाय, सात मिनिटांचा. मोबाईलवर नुसती भांडणं चालू हायत, ह्या जोडकामाला काही अर्थ हाय का म्हणून.”

“जोडलाय? अगं, शेवट तर होताच की.”

“न्हाई आज्जी. उजेड पडतो आन् संपतो, एवढंच होतं म्हणे.”

“तुमच्या मोबाईलला काय ठाऊक? तुझ्या आज्यानं मशीनपाशी उभं राहून बघितलाय.” सगुणाबाईंचा आवाज चढला. मेलेल्या माणसाला कुणी खोटं पाडतंय हे त्यांना सोसेना. “चल, मला दाखव. कोण खरं ते बघू.”

दुपारच्या खेळाला दोघी जाऊन बसल्या. शेवटची दहा मिनिटं आली तशा सगुणाबाई सवयीनं उठायला लागल्या. तनुजानं हात धरून खाली बसवलं. आणि मग सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं पहिल्यांदा ते यान उतरताना पाहिलं. खुर्ची हादरत होती. वाळू उडून पडदा भरला. दार हळूहळू उघडलं आणि असा उजेड आला की सगुणाबाईंना स्वतःच्या हातावरच्या शिरा दिसल्या. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. माहूरच्या त्या बायका आभाळाकडे का बघायच्या, ते त्यांना आत्ता कळलं.

“जुना पिक्चर इथं संपायचा,” तनुजा कानाशी म्हणाली. “आता पुढचं जोडलेलं.”

“इथं कसा संपंल? अजून ती उतरली न्हाई.”

ती उतरली. गेली तेव्हाच्याच वयाची. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी तिला गराडा घातला, अंगाला तारा लावल्या, प्रश्नांचा भडिमार केला. म्हातारा काचेपलीकडे उभा. मग यानाच्या आतले दिवे, दिव्यांच्या आत दिवे, कितीतरी वेळ. सगुणाबाई पापणी न लववता वाट बघत होत्या. म्हातारा काही तुकडा आणायला गेला नाही. पडद्यावर नावं चढू लागली.

“उगीच वाढवलंय,” तनुजा म्हणाली. “काही अर्थ न्हाई त्याला. चल.”

“ओवाळायचं राहिलं, माय.”

“काय ओवाळायचं?”

“भाकरतुकडा.”

तनुजा खळखळून हसली. “आज्जी! अमेरिकेत भाकरतुकडा कोण ओवाळतं?” आणि हसता हसता ती थांबली. आपल्या आईला अहमदपूरच्या दारात ओवाळलं होतं, ती गोष्ट तिनं आईकडून कितीदा तरी ऐकली होती.

माणसं निघून गेली, झाडणारी बाई आली, तरी सगुणाबाई जागच्या हलेनात. त्यांना राग यायला हवा होता, पण रागाला जागाच उरली नव्हती. जो माणूस आपल्यापुढं लेकीचं नावसुद्धा काढू धजला नाही, त्यानं तिला ताऱ्यांवरून उतरवून आणलं होतं. त्या दिवाळीला अंबिका नेमकी कशी येऊन उभी राहिली, कुणी बोलावलं तिला, तेही त्यांना आता कळलं. आपण चाळीसहून जास्त वर्षं एवढ्या मोठ्या माणसाशेजारी बसून जेवलो आणि आपल्याला पत्ता नाही, या आश्चर्यानं त्यांचा ऊर भरून आला.

“नऊ दिवस, तनू,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवस न चुकता सांगितलं बघ त्यांनी. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई.”

“खोटंच होतं की आज्जी ते.”

“जोडलेलं होतं,” सगुणाबाई म्हणाल्या. “आन् त्यांनी जोडलं नसतं तर तू आज कोणाचा हात धरून पिक्चरला आली असतीस?”

तनुजानं आजीचा हात धरून ठेवला, तो अहमदपूरच्या स्टँडवर एसटीतून उतरेपर्यंत.

दिवेलागण झाली होती. अंबिका दारातच उभी होती. “ये आई, पिक्चर कसा होता?”

सगुणाबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. “आधी भाकरतुकडा आण. ओवाळ माझ्यावरून.”

“अगं, नांदेडहून तर आलीस!”

“न्हाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “लई लांबून आले मी.”