तिसरी साक्ष

मंगळवारी डोणगावच्या बाजारातून परतणाऱ्या बैलगाड्यांबरोबर बातमी आली... गणपत मास्तर गेले. तिथं लेकीकडे गेले होते, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. "काहीतरी बरळू नको," असा मी गाडीवानावरच खेकसलो आणि मग त्याच्याच गाडीचं चाक धरून खाली बसलो. त्याला आता सव्वा महिना झाला.

जानेफळजवळचं आमचं गाव जेमतेम शंभर उंबऱ्यांचं. "शेतसाऱ्याच्या कागदाबाहेर नागपूरले ठाऊक आहे का, इथं माणसं राह्यतात म्हणून?" असं म्हणत मास्तरांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. लाल बासनात बांधलेली जाड वही होती. वेशीजवळची विहीर कोणी खणली, पटकीच्या साथीत घरोघर कोण फिरलं, सारं त्यात. पण पान मिळे ते फक्त मेलेल्या माणसाला, आणि तेही तीन वेगळ्या आळ्यांतल्या तिघांनी एकच गोष्ट सांगितली तरच. घरच्याची साक्ष चालत नसे. आजोबांचं पान जरा लांबावं म्हणून पाटलांनी आंब्यांची पाटी धाडली. मास्तरांनी आंबे शाळेत वाटले, दोन स्वतः चोखले आणि पान चार ओळींचंच ठेवलं.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते याच वहीवरून. जानेफळच्या वाटेवरची कडुलिंबाची रांग माझ्या बापानं लावली, उन्हाळाभर नदीचं पाणी वाहून जगवली. पण तो मुलखाचा लाजाळू, झुंजूमुंजू असतानाच जाऊन येई. साक्षी दोनच मिळाल्या.

"मी सांगतो ना, मास्तर! पोटचा पोरगा आहो मी."

"म्हणून तर तुही साक्ष चालत नाई, श्रीपत. उद्या सारं गाव आपापल्या बापाले देव करून बसंन."

"मंग ते दोघं खोटे आहेत काय?"

"खरे आहेत बे. पण तिसरा पाह्यजे."

मी तणतणत उठलो. पुढे दोन वर्षं त्यांच्या ओट्याची पायरी चढलो नाही. वाटेत दिसलो की ते विचारत, "काऊन रे, घरी येत नाई?" मी बैल हाकत पुढे निघून जाई. शहाणपण कधी सुचावं त्यालाही वेळ असते, माझी टळली.

तेरवी झाल्यावर मास्तरांच्या लेकीनं वही आणून माझ्या हातात दिली. "बाबा म्हणत होते, श्रीपतदादाले द्या." आता मास्तरांचं पान लिहायचं, तर त्यांच्याच नियमानं. मी पाटलांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर ना? तीन खेपा मारल्या माह्याकडे, तुह्या बापाचं इचाराले." माळीपुऱ्यात वामन माळ्यानंही नेमकं तेच सांगितलं. राहिली वेशीजवळची म्हातारी सरजाबाई.

"डोणगावले गेला त्याच्या आदल्या दिवशी आला होता," ती म्हणाली. "श्रीपतच्या बापाले झाडाले पाणी घालताना पाह्यलं काय, म्हणे. म्या म्हटलं, पाह्यलं म्हणजे? माहं मडकं फोडलं ना त्यानं पाणी वाहता वाहता! लय हासला मास्तर... वापस आलो की लिहतो म्हणे."

घरी येऊन वही उघडली. बापाच्या नावाचं पान होतं. दोन साक्षी, खाली मास्तरांच्या गोल अक्षरात 'तिसरी', आणि पुढे कोरी जागा. मी टाक शाईत बुडवला... आणि ठेवून दिला. घरच्याचा हात चालत नाही. शाळेवर नवे मास्तर येतील, त्यांच्यापुढे सरजाबाईला बसवीन. मास्तरांच्या पानावर मात्र तिघांनी सांगितलं तेवढंच लिहिलं: 'दुसऱ्याच्या बापासाठी साक्ष शोधत गावभर हिंडले.'

मग वही बासनात बांधली आणि त्यांच्या घराकडे गेलो. दाराला कुलूप होतं. पायरी चढून ओट्यावर बसलो, दिवे लागेपर्यंत. काऊन रे म्हणून कोणी विचारलं नाही.