दोन्ही टोकांना कापलेला केस

आमच्या घरी ताटात केस निघाला तर कुणी नाक मुरडत नाही. माझी बायको तो दोन बोटांनी उचलते, खिडकीच्या उजेडाकडे धरते, एक डोळा बारीक करते आणि म्हणते, धाकटीच्या केसासारखा आहे. मी म्हणतो, अगं सारखा काय, घरात एवढे लांब केस त्या एकटीचेच, म्हणजे तिचाच असणार. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: तिच्या डोक्यावरून पडताना मी पाहिला नाही. या उत्तराने माझं डोकं फिरतं. इतक्या वर्षांच्या संसारात ‘हा केस अमक्याचा’ असं या बाईने एकदाही छातीठोकपणे सांगितलेलं नाही, आणि पगार मात्र केस ओळखण्याचाच घेते. माझ्यावर संशय कधीच येत नाही, कारण मला पूर्ण टक्कल आहे. टकलाचे तोटे मी पुष्कळ सोसले, निदान हा एक फायदा तरी पदरात पडला.

गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तू जिथे तपासायला येतात त्या सरकारी प्रयोगशाळेत ती नोकरीला आहे. तिच्या टेबलावर केस येतात. कुणाच्या कोटावरचे, गाडीच्या सीटवरचे, कधी नुसते कुत्र्यामांजरांचे. एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेलो, तेव्हा दारातूनच तिची खोली पाहिली. पांढरा कागद अंथरलेलं टेबल, चिमटे, लाखेने बंद केलेली पाकिटं. ऐन उन्हाळा होता तरी पंखा बंद, कारण एका झुळकीत पुरावा उडून जायचा. दोन सूक्ष्मदर्शक एकमेकांना जोडलेले, म्हणजे दोन केस एकाच वेळी शेजारी शेजारी दिसतात. तिच्या डोक्याला घट्ट टोपी होती आणि माझ्यासाठी एकच वाक्य होतं, आत येऊ नका. केसांच्या खोलीत टकल्या माणसाला मज्जाव करणं हा शुद्ध अन्याय आहे, असं मी तिला संध्याकाळी सुनावलं. भुवया आहेत ना तुम्हाला, ती म्हणाली.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लग्नाआधी ती तिथे गिऱ्हाईक म्हणून आली, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर विग होता. ऐन पंचविशीत केसांनी माझा निरोप घेतला होता. मीही मग खऱ्या केसांचा, चांगला भारीतला विग करून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझं धोरण होतं आणि शेजारच्या दुकानदाराला देखील त्याचा पत्ता नव्हता. आता चष्मा करायचा तर दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजावं लागतं, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यासमोर अगदी जवळ वाकावं लागतं. मी वाकलो आणि एक केस तिच्या बाहीवर पडला. तिने तो उचलून ट्यूबलाइटकडे धरला, मग उलटा करून पुन्हा धरला. मला वाटलं, आता दुकानाच्या स्वच्छतेवर भाषण ऐकावं लागणार. पण बाकावर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ती म्हणाली, "हा गळलेला केस नाही. याला मूळच नाही. दोन्ही टोकांना कापलेला आहे."

माझी पाचावर धारण बसली. नंतर कधीतरी तिने समजावून सांगितलं, की डोक्यावरून आपसूक गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ असते, तेच त्याचं मूळ. विगच्या केसाला ते नसतं. शिवाय तो जाळीला जिथे बांधलेला असतो तिथे त्याला एक बारीक बाक राहतो. हे सगळं तिने ट्यूबलाइटच्या उजेडात पाहिलं आणि कुणालाही कळू दिलं नाही. चष्मा न्यायला ती परत आली तेव्हा मी विग काढून खणात ठेवला होता. ते धैर्य कुठून आलं कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं, नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, आता स्पष्ट दिसतंय. आमचं लग्न त्याच वाक्यावर जमलं असं मी सगळ्यांना सांगतो. याला पुरावा नाही, असं ती सगळ्यांना सांगते.

हे जुनं पुराण उगाळण्याचं कारण म्हणजे एक मुलगी. चालू प्रकरणाबद्दल बायको घरात अवाक्षर काढत नाही. त्यामुळे पुढचं सगळं मला प्रकरण मिटल्यानंतर कळलं, थोडं बायकोकडून आणि थोडं त्या मुलीकडून.

ही मुलगी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी देखभालीचं काम करायची. शिक्षिका एकट्याच राहत आणि त्यांचा मुलगा दूरच्या शहरात होता. मुलगी त्यांना बाई म्हणायची. बाईंना मोठं आजारपण आलं, औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेले. मुलगी त्यांचं पथ्यपाणी, अंघोळ, पेपर वाचून दाखवणं, सगळं करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायची. त्या अभ्यासाचं चीज झालं होतं. नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली होती आणि लवकरच वर्ग सुरू व्हायचे होते. तेवढ्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलगा धावत आला, आईचं कपाट आवरायला बसला, आणि आईच्या अंगठीची डबी त्याला रिकामी सापडली. वडिलांनी आईला दिलेली अंगठी होती ती. घरात माणसं दोन, त्यातली एक अंथरुणाला खिळलेली. संशय कुणावर घ्यायचा हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही.

पोलिसांना डबीच्या मखमली अस्तरात, बिजागरीपाशी, एक केस अडकलेला मिळाला. काळाभोर, खांद्यापर्यंत येईल इतका लांब. मुलीचे केस तर मुलांसारखे आखूड होते. पण शेजारणीने सांगितलं की अहो, परवापरवापर्यंत कमरेपर्यंत शेपटा होता तिचा. का कापलास, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, असंच. तपासावरच्या फौजदाराला ‘असंच’ हे उत्तर मुळीच पटलं नाही. चोरी केली आणि मग केसांवरून सापडू नये म्हणून शेपटा उडवला, असा त्याने सरळ हिशोब लावला. मुलीला जामीन मिळाला, पण कोणी तिला दारात उभं करेना. नर्सिंगच्या शाळेने कळवलं की आरोप मिटल्याशिवाय प्रवेश देता येणार नाही, आणि वर्ग सुरू झाले की जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल. म्हणजे केस एवढासा, आणि त्याला त्या पोरीचं सगळं आयुष्य टांगलेलं.

तो केस माझ्या बायकोच्या टेबलावर आला. पडताळणीसाठी मुलीच्या डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले केस घ्यायचे होते, तेही तिनेच घेतले. काही विंचरून, काही मुळासकट उपटून. मुलगी मान खाली घालून बसली होती. वर्ग सुरू व्हायच्या आत तुमचं काम होईल का, एवढंच तिने विचारलं. बायको म्हणाली, घाई करणार नाही, पण उशीरही करणार नाही. मला विचाराल तर हे काही धीर देणारं उत्तर नव्हे, पण मुलगी म्हणते की त्या दिवसांत तिच्याशी सरळ बोललेलं ते एकच माणूस होतं.

दोन्ही केस जोडसूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी आले. रंग, जाडी, आतल्या रंगकणांची दाटी, मधली नळी, वरचे कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले. सगळं सारखं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, झालं की, लिहून टाका. फौजदाराचा तर सारखा फोन होता. तिने लिहून टाकलं असतं तरी त्यात एक अक्षर खोटं नसतं. पण माझ्या बायकोला एक खोड आहे. केसाचं मधलं सगळं पाहून झालं तरी टोकं पाहिल्याशिवाय ती उठत नाही. तिने टोकं पाहिली. एक टोक कात्रीने सरळ कापलेलं, दुसरंही कापलेलं. मूळ नव्हतंच, आणि एका टोकाजवळ बारीकसा बाक होता. अशा वेळी शास्त्रज्ञाला पुस्तकातलं पान आठवत असेल. तिला माझं दुकान आणि त्यातली ट्यूबलाइट आठवली. विज्ञानाच्या सेवेत माझं डोकं कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

तिने फौजदाराला फोन लावला. "हा केस कुणाच्याही डोक्यावरून गळलेला नाही," ती म्हणाली. "त्या घरात कुणी विग वापरतं का, तेवढं विचारा."

फौजदार हसला. त्यानेही उन्हात केस पांढरे केले नव्हते, पण असा फोन त्याला प्रथमच येत होता. तरी त्याने बाईंच्या मुलाला विचारलं. हो, आईचा आहे ना, दुकानातून घेतलेला, त्याचं काय, मुलगा म्हणाला. विग पाकिटात बंद होऊन प्रयोगशाळेत आला. त्याचे केस डबीतल्या केसासारखे निघाले, आणि मुलीच्या डोक्यावरच्या केसांसारखेही. फौजदार चक्रावला. म्हणजे हे विगचे केस पण हिचेच का, त्याने विचारलं. फरक आढळत नाही, एवढंच मी म्हणू शकते, बायको म्हणाली, बाकीचं तिला विचारा.

तिला विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. बाईंनी दुकानातले विग घालून पाहिले होते. एकाने डोकं खाजायचं, दुसरा घातला की आरशात कुणी परकीच बाई दिसायची. मग हिने एक दिवस आपला शेपटा कापून त्यांच्या मांडीवर ठेवला. विग करणाऱ्याकडे जाऊन त्याचाच टोप करून घेतला. पण बाईंनी तिच्याकडून वचन घेतलं, की हे माझ्या मुलाला कळता कामा नये. तो म्हणेल, कामाला आलेल्या पोरीच्या डोक्यावरचे केसही आईने काढून घेतले. अंगठीशी याचा काही संबंध असेल असं हिच्या मनातही आलं नाही.

"बाईंना आता बोलता येत नाही," ती फौजदाराला म्हणाली. "मग त्यांना न विचारता मी शब्द कसा मोडायचा?"

इतकी इमानी माणसं मला खरं तर सहन होत नाहीत. मी असतो तर पहिला प्रश्न येताच सगळं ओकून मोकळा झालो असतो.

बायकोने अहवालात भारंभार काही लिहिलं नाही. डबीतला केस विगमधला असू शकतो, तो मुलीने डबी उघडल्याचा पुरावा ठरत नाही, बस्स. अंगठी कुणी घेतली ते केस सांगत नाही आणि मीही सांगणार नाही, असं तिने फौजदाराला बजावलं. पण फौजदार डोक्याने बरा होता. विग तर बाईंच्या डोक्यावर असायचा. म्हणजे डबी त्यांनीच उघडली असेल, तर अंगठीचं त्यांनी काय केलं असेल? आजारपणात बोटं बारीक झाली असतील, अंगठी निसटत असेल. तो अंगठीचा फोटो घेऊन जवळपासच्या सोनारांकडे फिरला. त्यातल्या एका सोनाराने फोटो पाहिला आणि खणातून एक पुडी काढून समोर ठेवली. मुलीच्या सुट्टीच्या दिवशी बाई स्वतः टॅक्सी करून आल्या होत्या, अंगठी लहान करायला दिली, परत न्यायला कुणी आलंच नाही, असं तो म्हणाला.

वर्ग सुरू झाले तेव्हा ती मुलगी वर्गात होती. बाईंच्या मुलाने तिच्या खोलीच्या दारात जाऊन हात जोडून माफी मागितली, असं ती सांगते. आजारपणात आई तगली ती हिच्यामुळे, आणि आपण हिचाच केसाने गळा कापायला निघालो होतो, हे त्याला उमगलं. उशिरा का होईना, उमगलं.

गेल्या रविवारी ती बाईंना चाकाच्या खुर्चीतून माझ्या दुकानात घेऊन आली. सुट्टीच्या दिवशी अजून ती त्यांच्याकडे जाते. बाईंना नवा चष्मा हवा होता. बायकोही माझा डबा घेऊन नुकतीच आलेली. बाईंच्या डोक्यावर तोच विग होता, छान विंचरलेला, आणि मुलीचे केस आता मानेपर्यंत आले होते. मी पट्टी घेऊन वाकलो, आणि काउंटरच्या काचेवर एक केस पडला. बायकोने सवयीने तो उचलून ट्यूबलाइटकडे धरला.

"मॅडम, कुणाचा?" मुलीने माझ्याकडे बघत, डोळे मिचकावत विचारलं.

बाईंची वाचा अलीकडे थोडी थोडी परतते आहे, दिवसाकाठी दोन-चार शब्द. त्यांनी डावा हात उचलला, आधी आपल्या डोक्याला लावला, मग मुलीच्या.

"माझा," बाई म्हणाल्या. अगदी स्वच्छ.

"हो बाई, तुमचाच," मुलगी हसून म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी एकदा सांगून टाक. तिने केस उलटा केला, पुन्हा उजेडाकडे धरला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली आणि चष्मा काढून पदराने पुसू लागली. तो चष्मा मी सकाळीच स्वच्छ करून दिला होता.