शिगेच्या वाटीचं वजन

बाळांनो, या मे महिन्यातही तुमचं येणं रद्द झालं, तेव्हा निदान नानकटाई तरी तिकडच्या ओव्हनमध्ये जमावी, असं तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. सुट्टीत आपण घरी पीठ मळून भोसरीतल्या बेकरीत न्यायचो आणि बेकरीवाला ती भाजून द्यायचा. परतताना तुम्ही दोघं रिक्षात गरम डबा मांडीवर घेऊन बसायचात. घर येईपर्यंत डबा अर्धा.

कृती मी फोनवर सांगितली. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी पातळ तूप.

"वाटी म्हणजे किती, आजी?" थोरलीने विचारलं.

मी रोजची वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. त्याने तिचं समाधान होईना. तिने ऑनलाइन मागवून मला वजनकाटा पाठवला आणि वाटीभर पाण्याचं वजन करायला लावलं. एकशे ऐंशी ग्रॅम भरलं. त्यावरून तिने हिशेब केला, की एवढ्या वाटीत मैदा साधारण शंभर ग्रॅम मावतो. मलाही ते पटलं.

रविवारी फोटो आला. ट्रेभर पसरलेला एकच तपकिरी थर. पाठोपाठ फोन, त्यात मागून धाकट्याचा आवाज, "आजी, ताईने नानकटाईचा डोसा केलाय!"

"गप रे! अर्धा तूच संपवलास ना?"

मग मी व्हिडिओ कॉलवरच करून दाखवायला घेतलं. डब्यातून मैद्याची वाटी भरली आणि थोरली ओरडली, "थांब, थांब! हा वर डोंगर कसला?"

"शीग आहे ती."

"अगं, सुरीने लेव्हल कर ना!"

"घरच्या माणसांना सपाट माप?" मी म्हणाले आणि मलाच हसू आलं. हे बोल माझ्या सासूबाईंचे. मी पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. सुरी फिरवून माप सपाट करण्याची, गृहविज्ञानाच्या तासाला लागलेली सवय घेऊन भोसरीच्या या शेतकरी घरात आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ते पाहिलं.

"पोरी, सपाट माप दुकानात. घरात न्हाई. पाव्हन्याला काय मोजून घालनार व्हय?"

तेव्हापासून माझा हात शीग लावूनच भरतो. इतका, की कृती सांगताना ते सांगायचं असतं हे लक्षातच येत नाही. पातळ तुपाला मात्र शीग येत नाही. त्यामुळे तुमच्याकडे तूप पुरेपूर पडलं, मैदा कमी पडला आणि नानकटाई पसरली.

मी शिगेची वाटी काट्यावर ठेवली. पुन्हा भरली, पुन्हा ठेवली. आकडा दर वेळी थोडा मागेपुढे.

"आजी, एक काहीतरी सांग."

"दोन वाट्यांचे मिळून दोनशे साठ ग्रॅम धर."

"फायनल?"

"फायनल."

पुढच्या फोटोत नानकटाई चांगली फुगलेली होती, वर बारीक भेगा, मध्ये पिस्त्याचा तुकडा. लगेच फोनही आला. "जमली, आजी! आता तुला सारखं विचारायला नको."

आनंद झाला, खरंच झाला. फोन ठेवल्यावर मी ओट्यावरचा सांडलेला मैदा पुसला. दुपारच्या शिफ्टच्या कंपनीच्या बस गेल्या होत्या, रस्ता शांत होता. इतके दिवस संध्याकाळ झाली की तुमचा फोन येई. कधी तुपाबद्दल, कधी ओव्हन किती तापवायचा याबद्दल. आता त्या फोनला काही कारणच उरलं नव्हतं.

मीच पुन्हा फोन लावला.

"काय गं आजी, काय झालं?"

"काही नाही. शंकरपाळ्यांचंही वजन काढून टाकायचं का?"

"आत्ता?"

"आत्ता नको. रविवारी. तू फोन समोर ठेव, मी इथे वाटी भरते. आणि त्यालाही बसव शेजारी."