कमी झूमचा कॅमेरा

शैला गेली त्याला आता पाच आठवडे झाले. माझी धाकटी जाऊ, तुमची शैलाआजी. दहाव्याला जमलेल्या बायका एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या... बिचारी. "बिचारी, जन्मभर दुसऱ्यांचीच लग्नं बघत राहिली." मी पाणी देत फिरत होते. आता बोलते. ईशा, निखिल, तुम्ही इतक्या लांब राहता की इथली माणसं तुमच्यापर्यंत एकेका शब्दातूनच पोचतात, आणि शैला तुमच्यापर्यंत त्या शब्दातून पोचलेली मला चालणार नाही.

तिचा नवरा दिनकर, म्हणजे माझा दीर, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. तो ऐन पस्तिशीत गेला. चार महिन्यांनी शैलाने त्याचा खांद्यावर घ्यायचा अवजड कॅमेरा माळ्यावरून खाली काढला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. मी वाचायचे, ती मराठीत उतरवून घ्यायची. दोनेक वर्षांत चांदनी गावापासून तुकईथडपर्यंतचे लोक तिला बोलवायला लागले. घोडा, वरात, मंगलाष्टकं, सगळं ती घ्यायची. फक्त हळदीला तिचे पाय उंबऱ्यात थांबायचे. हळद सवाष्णींनी लावायची, विधवेने नवरीच्या जवळ यायचं नाही, हे तोंडावर कुणी म्हणत नसे. म्हणायचे, "ताई, इथूनच घ्या ना, आत गर्दी होते." तिच्या जुन्या टेपांमध्ये हळदीचं चित्र म्हणजे निव्वळ बायकांच्या पाठी आहेत.

आमचं बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. जुना कॅमेरा टेप खायला लागला आणि नवा घ्यायचं ठरलं. मी माझ्या सवयीप्रमाणे वहीत तक्ता आखला. वजन, बॅटरी किती वेळ चालते, कमी उजेडात चित्र कसं येतं, बाहेरचा माइक लागतो का, झूम किती. शेवटी दोन कॅमेरे उरले. एकाचा झूम लांबवरचा होता. दुसऱ्याचा झूम अगदीच थोडा, पण त्याची काच रुंद होती, हातभर अंतरावरूनसुद्धा अख्खी खोली त्यात मावायची, आणि लाइट गेली तरी एका बल्बवर चेहरा स्वच्छ दिसायचा. मी झूमला सगळ्यात जास्त गुण दिले होते.

शैलाने तक्ता शांतपणे वाचला. "झूमला एवढे मार्क कशाला?"

"अगं, दारात उभी राहूनही नवरीचा चेहरा मिळेल तुला. कुणाचं ऐकून घ्यायला नको."

तिने वही मिटली. "ताई... तुम्ही पण?"

एवढंच बोलली. मला वाटत होतं मी तिची सोय बघते आहे. मी तिच्यासाठी दारच पक्कं करत होते, आणि तेही रेघा आखून. मग तिने माझ्याच लाल पेनने झूमची अख्खी ओळ खोडली.

आम्ही दोघी इंदूरला गेलो. दुकानदाराने लांब झूमवालाच पुढे केला. "मॅडम, ये लीजिए. दूर खड़े रहिए, दुल्हन का चेहरा फ्रेम में भर जाएगा."

शैला म्हणाली, "भैया, दूर तो बहुत साल खड़ी रही. पास वाला दिखाओ."

"पास तो कोई भी चला जाता है, मॅडम."

"कोई भी नहीं जाता," शैला म्हणाली आणि कमी झूमचा कॅमेरा स्वतःच काचेच्या कपाटातून उचलून घेतला.

त्याच मोसमात तुकईथडला माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. केळीचे मळे असलेलं घर, माणसं मोकळी. तरी हळदीच्या खोलीशी नवरीच्या आत्याबाई उभ्याच. "बाई, तू इथूनच काढ न. दारातून बी दिसते."

शैलाने कॅमेरा त्यांच्यासमोर धरला आणि फार दुःखी चेहरा केला. "आत्याबाई, याच्यातून दुरून दिसतच नाही. मशीनच तसं आहे, काय करणार?"

"मंग जुनं का नाही आणलं?"

"ते मेलं."

आत्याबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीची बाई, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. मी मान डोलावली. आयुष्यात इतक्या शिस्तीत खोटं मी दुसऱ्यांदा बोलले नाही. "ये मंग. पण हात नको लावू कोणाले," आत्याबाई म्हणाल्या.

शैला आत गेली आणि नवरीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. हळद लावायची माझी वेळ आली. तेव्हा तुमचे आजोबा होते, मी सवाष्ण होते. मी नवरीला हळद लावली... आणि बोटांना उरलेली हळद शैलाच्या गालाला पुसली. तिचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले, ती मला अडवू शकत नव्हती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरी मात्र हसली आणि म्हणाली, "बाई, यांच्या दुसऱ्या गालाला पण लावा न." शैलाने शूटिंग थांबवलं नाही. त्या चित्रात तेवढ्याच जागी फ्रेम जराशी हलते. तिच्या एवढ्या वर्षांच्या कामात तिचा हात हललेला मला दुसरीकडे कुठे सापडला नाही, आणि मी सगळं पाहिलं आहे.

पुढे तिला दाराशी थांबवणारे भेटले नाहीत असं नाही. काही घरांनी बोलावणं बंद केलं. तिने हिशेबातून ती घरं काढून टाकली आणि उरलेल्या घरांत पुढे जाऊन बसली. बघत राहणारी बाई अशी असते का? या गावातल्या कितीतरी मुली तिच्याइतक्या जवळून कुणीच पाहिलेल्या नाहीत.

शेवटची भेटले तेव्हा तिने प्रकृतीचं काही सांगितलं नाही. म्हणाली, "ताई, बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर मरते." मी त्यासाठी एक तारीख धरली आहे. कॅमेरा माझ्या कपाटात असतो, शनिवारी मी तो मऊ फडक्याने पुसते. डोळा लावायच्या रबरावर तिच्या गालाची हळद बसलेली आहे, पिवळट डाग. तेवढा पुसत नाही.

ईशा, तुझ्या लग्नाचं बोलायला तुझ्या आईचा फोन आला होता. तुझ्या सासरी जरा पाळतात, हळदीला सवाष्णीच हव्यात, असं तिने फार हळू आवाजात सांगितलं. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. मी येणार आहे. कॅमेरा बरोबर आणणार आहे आणि तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसणार आहे. कुणी विचारलंच तर सांग, आमच्या आजीच्या कॅमेऱ्यातून दुरून दिसत नाही. मशीनच तसं आहे, काय करणार.