छपरावरचा कॅमेरा

छपरं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे बोका म्हणत. कौलांवरून तो असा चाले, की खाली झोपलेला माणूस कूससुद्धा बदलत नसे. कौल कुठलं फुटलंय, पन्हळ कुठं तुंबलीय, वासा कुठला आतून पोखरलाय, हे त्याला वर गेल्या गेल्या उमगे. अडचण सुरू व्हायची ती खाली उतरल्यावर. घरमालक विचारायचा, "काय झालंय?" आणि बोक्याची जीभ टाळूला चिकटायची. लहानपणापासून तो बोलताना अडखळे. त्यातही 'प'वर अडला की अडलाच. आणि धंदा नेमका पन्हळी, पत्रे आणि पावसाचा!

म्हणून त्याच्या वतीने त्याची ताई बोलायची. शाळेत त्याचं नाव तिने सांगितलं, दुकानात सामान तिने मागितलं, आणि पुढे गिऱ्हाईकंही तीच पटवू लागली. बिस्किटांच्या कारखान्यातली पाळी संपली की ती शिडीच्या पायथ्याशी येऊन उभी राही. वरून बोका हातवारे करी आणि खाली ही मालकाला धारेवर धरी. "आज नाही केलंत ना, तर उद्या खाटेवर छत्री उघडून झोपाल!" बोक्याला एवढं काही म्हणायचं नसे. पण काम मिळे.

मग चाळिशीला टेकलेल्या ताईचं लग्न ठरलं. होणारा नवरा दूरच्या गावी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शांत, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. बोक्याला मनापासून आनंद झाला, आणि आता शिडीच्या पायथ्याशी कोण उभं राहणार, ही धास्तीही बसली. निघायच्या आदल्या दिवशी ताईने ट्रंकेतून एक कॅमेरा काढून त्याच्या हातावर ठेवला. कारखान्याच्या सहलीसाठी कधीतरी घेतलेला. काळा, प्लास्टिकचा, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. वर एक बटण, मागे रोल पुढे सरकवायचं दातेरी चाक. बाकी काही भानगड नाही.

"वर जा, फोटो काढ, मालकाच्या हातात ठेव," ती म्हणाली. "मी तरी वेगळं काय करत होते?"

"तू थापा मारत होतीस," बोका म्हणाला. ताईशी बोलताना तो क्वचितच अडखळे.

ती खो खो हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

पहिला रोल पार वाया गेला. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या बाईंनी काउंटरवर फोटो मांडले, तर सगळीकडे नुसतं तांबूस धुकं.

"हे हो कशाचे काढलेत? ढगांचे?"

बोक्याने बोटाने कौलाचा आकार काढून दाखवला, मग वीतभर अंतर दाखवलं.

"इतक्या जवळून? अहो, ह्याला जवळचं दिसत नाही, माझ्या सासऱ्यांसारखं! निदान दोन पावलं मागे सरा."

आता छपरावर दोन पावलं मागे सरायचं म्हणजे काय, हे बाईंना कोण सांगणार? बोक्याने तोंड उघडलं. "मा… मागे सरलो, तर प… प…" एरवी इथे समोरचा माणूस दया येऊन वाक्य पुरं करून टाकी. बाईंनी तसलं काही केलं नाही. त्या फडक्याने काच पुसत राहिल्या, जणू दुकानात दुसरं कामच नव्हतं.

"पडेन," बोका एकदाचा म्हणाला.

बाईंना हसू आवरेना, आणि मग त्यालाही.

त्याने यावर तोड काढली. तडा गेलेल्या कौलाभोवती खडूने गोल काढायचा, सरपटत वर आढ्यापर्यंत जायचं, आणि तिथे पालथं पडून खालच्या दिशेने बटण दाबायचं. दुसऱ्या रोलमधला पहिला चांगला फोटो बेकरीच्या छपराचा होता. बेकरीवाला पिठाचे हात तसेच ठेवून तो कितीतरी वेळ बघत राहिला. "इतकी वर्षं याच्याखाली बसतोय, पण याचं तोंड आज पाहिलं!" काम तिथल्या तिथे ठरलं. बोक्याला एक शब्दही बोलावा लागला नाही.

काही महिने असेच गेले. छान चाललं होतं. आणि मग पिवळ्या घरातल्या आजींनी फोटो हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे आत्ताच करायला हवं, की थांबलं तरी चालेल?"

याचं उत्तर फोटोत नव्हतं. ताई असती तर छत्रीच उघडली असती. बोक्याने नुसती 'आत्ताच' अशी खूण केली असती, तरी काम त्याचंच होतं. पण छप्पर अजून वर्षभर दगा देणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

"या… या वर्षी नाही केलंत तरी चालेल. प… प… प…"

आजी फोटोवर वाकून बघत होत्या. त्याच्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं. तेव्हा बोक्याच्या ध्यानात आलं, की हातात फोटो आला की माणसं त्याच्या ओठांवरची नजर काढून घेतात. आणि नजर निघाली की अडलेला शब्द आपणहून सुटतो.

"पन्हळ मात्र साफ करू."

"बरं झालं सांगितलंत," आजी म्हणाल्या. "मला आजवर थांबा म्हणणारा कुणी भेटलाच नव्हता."

त्यांनी ही गोष्ट गल्लीभर केली. बोक्याला बोलावणी येऊ लागली, आणि लोक प्रश्न फार विचारत. तो अडखळे, पण उत्तर देई. अडखळणं काही गेलं नाही. त्याची धास्ती तेवढी ओसरली. फोटो घ्यायला गेला की तो फोटोवाल्या बाईंशी उगाच दोन शब्द जास्त बोले.

वर्षाने ताई माहेरपणाला आली आणि सवयीने त्याच्याबरोबर कामावर निघाली. शिंप्याच्या दुकानाचं छप्पर होतं. शिंप्याने फोटो बघून विचारलं, "पत्रा बदलावा लागेल का हो?" ताईने पदर खोचून तोंड उघडलं.

"ताई," बोका म्हणाला, "मी सांगतो."

त्याला बराच वेळ लागला. ताईने ओठ गच्च मिटून धरले होते. दोनदा तिची हनुवटी त्याच्या शब्दांबरोबर हलली, पण तिने स्वतःला आवरलं. शिंपी शेवटी म्हणाला, "ठीक आहे, सोमवारी या."

परतताना तिने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, माझ्यावाचून तुझं अडेल."

"अडलं ना," बोका म्हणाला. "पण तेवढ्यापुरतं." मग त्याने विचारलं, "दाजींचं छप्पर गळतं का गं?"

"छे."

"खरं सांग."

"एका कोपऱ्यात. थोडंसं."

"पु… पुढच्या महिन्यात येतो. तू न्यायला येऊ नकोस. तिकीट मी काढेन, आणि पत्ताही विचारत विचारत येईन."

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तिथेच रस्त्यात उभी राहून ती त्याला सांगू लागली, कुठे उतरायचं आणि बोटींच्या धक्क्यापासून कुठल्या हाताला वळायचं.