सस्पेंड केलेली साइट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या फोरमवरचे बाकीचे अनुभव वाचताना मला हसूच येतं. तरीही लिहितोय, कारण या एका प्रकारापायी माझी नोकरी गेली आणि नेमकं काय घडलं ते मला अजून कळलेलं नाही...

२००६ची गोष्ट. मी मूळचा परभणीचा. हिंजवडीजवळ एका वेब होस्टिंग कंपनीत सपोर्टला होतो आणि मुळशीतल्या चांद्याला भाड्याने राहायचो. घरमालकांचा मुलगा संतोष माझ्याच वयाचा. त्याची बायको सुरेखा तेव्हा पहिलटकरीण होती. मला यायला उशीर झाला की माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायची.

आमचा धंदा असा, की एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या साइट्स. चाळीतल्या एका नळावर सगळ्यांचे हंडे असावेत तसं. एखाद्याची स्क्रिप्ट, म्हणजे साइटमागचा प्रोग्रॅम, सर्व्हरची ताकद जास्त खायला लागली की बाकीचे ग्राहक आमच्या नावाने शिमगा करायचे. मग त्या फाइलची परमिशन शून्य करायची, म्हणजे ती चालूच शकत नाही. खातं सस्पेंड करायचं. आणि मग ग्राहकाला मेल — ‘मोठा प्लॅन घ्या.’ तो मेल जायचा कुठे? आम्ही नुकत्याच बंद केलेल्या त्याच्याच खात्यातल्या ईमेल पत्त्यावर! मी हे मीटिंगमध्ये बोललो होतो. “पॉलिसी आहे रे, जास्त डोकं लावू नकोस,” मॅनेजर म्हणाला. घ्या!

मिरजेच्या एका निवृत्त मास्तरांची साइट आमच्याकडे होती. गाव आणि रक्तगट टाकला की रक्तदात्याचा फोन नंबर मिळायचा. पण मास्तरांचं प्रोग्रॅमिंग यथातथाच. एक नाव शोधायला त्यांची स्क्रिप्ट सगळी नावं पहिल्यापासून वाचत बसायची. सुरेखाचा गट ओ निगेटिव्ह, म्हणून मीच संतोषला ती साइट दाखवली होती. दाता आधीच बघून ठेव म्हटलं, तर म्हणाला, “येळ आल्यावर बगू की, दादा.”

त्या दिवशी सकाळपासून मास्तरांच्या स्क्रिप्टपायी सर्व्हर धापा टाकत होता. मॅनेजर माझ्या पाठीमागे येऊन उभा.

“बंद कर ती.”

“सर, रक्तदात्यांची साइट आहे. मास्तरांना निदान एक फोन करू या...”

“समाजसेवा घरी जाऊन कर.”

केली बंद. परमिशन शून्य, खातं सस्पेंड. उघडून खात्रीही केली — ‘हे खातं बंद आहे’ एवढंच लिहिलेलं पांढरं पान.

जेवायच्या सुट्टीत संतोषचा फोन आला. पुण्यातल्या हॉस्पिटलजवळून. रडत होता.

“दादा, लई रगत गेलंय तिचं. ब्लड बँकेत ह्या गटाची पिशवीच न्हाई. तुमी दावलेली ती साइट... हितं कॅफेत बसलोय, उघडतोय.”

“संतोष, ऐक, ती उघडणार—”

“गावला! दादा, गावला! लवळ्याचा मानूस हाय. लावतो त्येला फोन!”

मी जेवण टाकून जागेवर पळालो. साइट उघडली. तेच पांढरं पान. मग सर्व्हरवर काय काय चालू आहे ते पाहिलं... सगळ्यात वर मास्तरांची स्क्रिप्ट! चालत होती. परमिशन पाहिली — शून्य. शेजारच्या नेहाला बोलावून दाखवलं. “हे शक्यच नाही,” ती पुटपुटली. आमच्या डोळ्यांदेखत ती स्क्रिप्ट संपली आणि दिसेनाशी झाली.

लवळ्याचा माणूस आला, त्याने रक्त दिलं. सुरेखा वाचली. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने साइट बंद केल्यावरही दुपारी उसळलेला लोडचा ग्राफ माझ्यापुढे आपटला. “चोरून उघडलीस ना? कबूल कर.” म्हटलं, लॉग बघा, कोणी काय केलं त्याची सगळी नोंद त्यात असते, कोणीही उघडलेली नाही. “लॉग पुसता येतो तुला.” मी नेहाकडे पाहिलं. बाईसाहेब मान खाली घालून टाइप करत राहिल्या. तिलाही नोकरी हवी होतीच म्हणा! मला हाकललं आणि मास्तरांचं खातं कायमचं उडवलं. त्यांना तसा मेलही गेला असेल, त्याच बंद पत्त्यावर.

आता तुम्ही म्हणाल, कॅफेतल्या कॉम्प्युटरवर जुनं पान साठलेलं असेल. अहो, असेलही. पण मग आमच्या सर्व्हरवर काय चालत होतं? आजवर ज्याला ज्याला विचारलं त्याने खांदे उडवले.

त्या पोरीच्या वाढदिवसाला संतोषच्या घरचे मला सोडत नाहीत. पाटावर बसवून संतोषची आई मला ओवाळते. “तुमच्यामुळं सून हाय आमची,” म्हणते. मी तिला खरं सांगून पाहिलं, की काकू, ती साइट मी उघडली नाही, मी तर बंद केली होती. “उगा काय बी बोलू नका,” म्हणून तिने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

मॅनेजरला वाटतं मी उघडली. ह्यांनाही वाटतं मी उघडली. कोणी उघडली, देव जाणे. सुरेखा हसत ताट वाढते आणि मला मात्र मान वर करून तिच्याकडे बघवत नाही.