मार्सेल्समधली बघण्यासारखी जागा

पनवेलच्या बंदरावर जाळं विणत बसणारा तो म्हातारा तरुणपणी आगबोटीवर खलाशी होता आणि फ्रान्सचं मार्सेल्स बंदर पायी फिरला होता. मी भूगोलाचा मास्तर. मला मार्सेल्स म्हणजे नकाशातला ठिपका. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर माझा तास बघायला येणार, म्हणून मी वही घेऊन त्याच्यापुढे बसलो.

मांडीवरच्या जाळ्याची एकेक गाठ सुईने दाखवत तो मला शहर फिरवू लागला. "ह्यो किल्ला. ह्यो मासळीबाजार, बाया आपल्यावानीच भांडतात. ह्यो डोंगर, त्याच्यावर देऊळ, देवळावर सोन्याची बाई."

"आणि सगळ्यात बघण्यासारखं काय?"

सुई थांबली. "मुतारी, गुरुजी! नाक्यानाक्याव हाय. लोखंडाची, नक्षीवाली. भिंतीमागं लपाया नको का काय नको. मानूस राजावानी उभा ऱ्हातो."

मी वही मिटली. इन्स्पेक्टरसमोर किल्ला, बाजार, देऊळ एवढंच सांगितलं. 'उत्तम' असा शेरा मिळाला.

तास संपल्यावर इन्स्पेक्टरसाहेब माझ्या कानाशी लागले. मी त्यांना शाळेच्या मागच्या भिंतीकडे नेलं. एकमेकांकडे न बघता, एक डोळा रस्त्यावर ठेवून आम्ही दोघे उभे राहिलो, आणि म्हाताऱ्याचं मार्सेल्स मला लख्ख दिसलं.